इराणची मजलिस मंत्र्यांना पास-नापास कशी करते: बातमी वाचताना काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं

१५ ऑगस्ट २०१३, तेहरान. मजलिसच्या म्हणजे इराणच्या संसदेच्या सभागृहात मतमोजणी संपली. शिक्षणमंत्रीपदासाठी मोहम्मद-अली नजफी यांचं नाव होतं. हो म्हणणारे १४२, नाही म्हणणारे १३३, तटस्थ ९. हे आकडे कुणालाही दाखवा, तो म्हणेल नऊ मतांनी जिंकले की. पण नजफी पडले. हजर खासदार २८४ होते, त्यांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे १४३ मतं लागत होती आणि एक मत कमी पडलं.

मी बरीच वर्षं मराठीत परदेशी बातम्या लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या तपासतो, आणि मंत्र्यांच्या मंजुरीची बातमी आपल्याकडे कायम दोन ओळींत उरकली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एखाद्या देशात सत्तेच्या आत कोण कुणाचे पाय ओढतंय हे जेवढं या दोन-तीन आठवड्यांत उघड दिसतं तेवढं एरवी वर्षभर दिसत नाही. २०२४ मधे इराणचे नवे अध्यक्ष पेझेश्कियान यांचे सगळे १९ मंत्री पास झाले तेव्हा काहींनी लिहिलं की मजलिस म्हणजे नुसता शिक्का, आणि काहींनी लिहिलं की अध्यक्षांचा मोठा विजय. दोन्ही चुकीचं होतं, का ते पुढं येईलच. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, पत्रकारितेतली नवी मुलं किंवा नुसती आवड म्हणून जगाच्या बातम्या वाचणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल अशी माझी पद्धत इथं टप्प्याटप्प्यानं देतोय. एक वही घ्या, बाकी काही लागत नाही.

आधी आपल्याकडचं चित्र बाजूला ठेवा

महाराष्ट्रात मुख्यमंत्री नावं देतात, राज्यपाल शपथ देतात, विषय संपला. मंत्रिमंडळ विधानसभेला एकत्रितपणे जबाबदार असतं पण एकेका मंत्र्यावर सभागृह मत देत नाही. त्यामुळे आपली सगळी ओढाताण शपथविधीच्या आधी नाहीतर खातेवाटपात होते, तीही बंद दाराआड. २०२२ आठवा, ३० जूनला एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस दोघांनीच शपथ घेतली आणि विस्ताराला ९ ऑगस्ट उजाडला. मधले चाळीस दिवस कोण कुठं फील्डिंग लावत होतं ते आपल्याला सूत्रांच्या हवाल्यानंच कळत होतं. इराणमधे दारामागचं राजकारण कमी आहे असं मुळीच नाही, पण शेवटी प्रत्येक नाव सभागृहात येतं, माइकवरून त्याच्या विरोधात भाषणं होतात, आणि प्रत्येकाच्या नावापुढं आकडा पडतो. तो आकडा आपल्याला हवा असतो.

वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं

इराणच्या राज्यघटनेतली पाचसहा कलमं, बस. ८७ आणि १३३ म्हणजे अध्यक्षानं मंत्री नेमायचे आणि मजलिसकडून त्यांच्यासाठी विश्वासमत घ्यायचं, फारसीत याला राय-ए-एतेमाद म्हणतात. १३५ म्हणजे मंत्री नसेल तिथं अध्यक्ष जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी काळजीवाहू नेमू शकतो, त्याला सरपरस्त म्हणतात, शब्द आपल्या कानावरचाच आहे. १३६ म्हणजे निम्मे मंत्री बदलले की अख्ख्या सरकारनं पुन्हा विश्वासमत घ्यायचं. ८९ म्हणजे किमान दहा खासदारांच्या सहीनं मंत्र्यावर महाभियोग, फारसीत एस्तिझाह. आणि १६०, न्यायमंत्री अध्यक्षाला मनानं निवडता येत नाही, न्यायपालिकेच्या प्रमुखानं सुचवलेल्या नावांतूनच घ्यावा लागतो. गुप्तचर मंत्री कोण होऊ शकतो याचा वेगळा कायदा आहे, त्याला धर्मशास्त्रातली मुज्तहिद ही पात्रता लागते, म्हणजे स्वतः धार्मिक निर्णय देऊ शकणारा विद्वान.

मजलिसच्या जागा २९०. त्यातल्या पाच धार्मिक अल्पसंख्याकांच्या, आर्मेनियन ख्रिश्चनांच्या दोन, असिरियन, ज्यू आणि झरतुष्ट्री यांची प्रत्येकी एक. मुंबई-पुण्यातल्या पारशी-इराणी लोकांचे धर्मबंधू म्हणजे हेच झरतुष्ट्री, म्हणून ही जागा मी नेहमी लक्षात ठेवतो.

विरोधी पक्ष मोजू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि इथंच सगळ्यात जास्त चूक होते. आपल्याला सवय असते की सत्ताधारी इतके, विरोधक इतके, वजाबाकी करा. इराणमधे तसे पक्षच नाहीत. गट आहेत, ते सैल आहेत, एकच खासदार सकाळी एका गटात आणि संध्याकाळी दुसऱ्यात. शिवाय निवडणुकीला कोण उभं राहणार हे पालक परिषद आधीच छाटून ठरवते. २००४ मधे सुधारणावाद्यांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर बाद झाले आणि मजलिस पुराणमतवाद्यांची झाली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष झाले महमूद अहमदीनेजाद, तेही त्याच बाजूचे. म्हणजे मजलिस आपली, अध्यक्ष आपले, मंत्री झटक्यात पास व्हायला हवे होते ना?

ऑगस्ट २००५ मधे २१ नावं गेली, चार पडली. पडलेल्यांत तेलमंत्री होते, आणि इराण तेव्हा ओपेकमधला दोन नंबरचा तेल उत्पादक, म्हणजे घराची तिजोरीच म्हणा. अहमदीनेजाद यांनी त्या जागी अली सईदलू यांचं नाव दिलं होतं, अध्यक्ष तेहरानचे महापौर असताना सईदलू महापालिकेत त्यांच्याबरोबर होते. खासदारांचा सवाल सरळ होता, की तेलधंद्याचा अनुभव काय? सईदलू पडले. मग दुसरं नाव आलं सादेक महसूली, रिव्होल्युशनरी गार्ड्स या इराणच्या खास लष्करी दलातले जुने साथीदार आणि बांधकाम-जमिनीच्या व्यवहारात श्रीमंत झालेले. संपत्ती कुठून आली यावर एवढी बोंब झाली की नोव्हेंबरमधे मतदान तोंडावर असताना त्यांनीच नाव मागं घेतलं. तिसरे मोहसेन तसल्लोती, तेही त्याच महिन्यात पडले. शेवटी डिसेंबरमधे काझेम वझिरी-हामाने पास झाले, तेलखात्यात मुरलेले आणि तोवर तिथंच सरपरस्त म्हणून काम बघणारे. चौथ्या नावाला गंगेत घोडं न्हालं.

यात विरोधी पक्ष कुठं आहे? कुठंच नाही. तेलखातं ही जुन्या अनुभवी मंडळींची जहागीर होती, नवीन अध्यक्ष महापालिकेतली आणि गार्ड्समधली आपली माणसं तिथं बसवायला निघाले होते, आणि त्यांच्याच बाजूच्या खासदारांनी दार लावून धरलं. हे भांडण घरातलं होतं. म्हणून वहीत "विरोधक" असा रकानाच करू नका, त्याऐवजी लिहा: हे नाव कुणाचं माणूस आहे, आणि या खात्यावर आधी कुणाचा हात होता.

२०२१ मधे पुन्हा तेच दिसलं. अध्यक्ष इब्राहिम रईसी आणि मजलिस पूर्ण एका बाजूचे, १९ पैकी १८ पास, शिक्षणमंत्री पडले. नोव्हेंबरमधे दुसरं नाव आणलं, तेही पडलं, तिसरं पास झालं. तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि खात्याला मंत्री नव्हता.

लिस्ट आली की आधी काय नाही ते शोधा

शपथ घेतल्यावर अध्यक्षाला नावं द्यायला दोन आठवडे असतात. कुणी लगेच देतं, अध्यक्ष हसन रूहानी यांनी २०१३ मधे शपथेच्या दिवशीच लिस्ट दिली. कुणी शेवटपर्यंत ताणतं. २०२४ मधे पेझेश्कियान यांनी ३० जुलैला शपथ घेतली आणि लिस्ट ११ ऑगस्टला गेली. मधल्या दिवसांत काय चाललं होतं याचा अंदाज लिस्टवरूनच येतो, म्हणून लिस्ट तीनदा वाचा.

एकदा रिकाम्या जागांसाठी. २०१७ मधे रूहानींनी १७ नावं दिली पण विज्ञान खात्याला नावच दिलं नाही. विद्यापीठं त्या खात्याखाली येतात आणि विद्यापीठांवरून त्यांचं आणि मजलिसचं किती वाजलं होतं ते खाली सांगतो, त्यानंतर रिकामी जागा का हे विचारावं लागत नाही. दुसऱ्यांदा वाचा जुन्या सरकारातली नावं शोधायला. २०२४ च्या लिस्टमधे रईसींचेच गुप्तचर मंत्री आणि न्यायमंत्री परत होते. तिसऱ्यांदा लिस्ट नको, लिस्टनंतर कोण चिडलं ते बघा. जवाद झरीफ, माजी परराष्ट्रमंत्री, मंत्री निवडण्याच्या समितीचे तेच प्रमुख होते, आणि लिस्ट जाहीर झाल्या झाल्या त्यांनी उपाध्यक्षपदाचा राजीनामा जाहीर केला, पुढं परतले तो भाग वेगळा. समितीनं सुचवलेली बरीच नावं लिस्टमधे नव्हती. म्हणजे पेझेश्कियान यांनी मतदानाच्या आधीच तडजोड केली होती, आपल्या बाजूची माणसं नाराज करून समोरच्याला पटतील अशी नावं घातली होती. ज्यानं "१९ पैकी १९" एवढंच वाचलं त्याला हे कधी कळलंच नाही.

रहबरची खाती वेगळ्या शाईनं लिहा

परराष्ट्र, गृह, संरक्षण, गुप्तचर, काही वेळा संस्कृती, या खात्यांची नावं सर्वोच्च नेत्याला म्हणजे रहबरला विचारूनच येतात असा रिवाज राहिला आहे. घटनेत तसं कुठं लिहिलेलं नाही पण सगळ्यांना माहीत असतं आणि उघड कुणी बोलत नाही. म्हणून २१ ऑगस्ट २०२४ चं पेझेश्कियान यांचं भाषण मला फार महत्त्वाचं वाटतं. मतदानाच्या आधी ते उभे राहिले आणि खासदारांना सरळ सांगितलं की ही नावं वर विचारून, जुळवून घेऊनच आणली आहेत, आणि जे बोलू नये ते मला बोलायला का लावताय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. सभागृहात खळबळ झाली. एरवी झाकून ठेवायची गोष्ट त्यांनी टेबलावर ठेवली, त्यानंतर त्या लिस्टमधल्या माणसाला पाडणं म्हणजे नक्की कुणाला नाही म्हणणं, हा प्रश्न प्रत्येक खासदारापुढं उभा राहिला. मजलिसचे स्पीकर गालिबाफ त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीत हरलेले उमेदवार होते, पण त्यांनीही अडवाअडवी केली नाही. जास्त कडक भूमिकेचा पायदारी गट नाराज होता आणि एकटा पडला.

दोन मतदानांची तुलना करताना रहबरच्या खात्यांचे आकडे वेगळे धरा. ते बहुतेक वेळा वरच असतात आणि त्यावरून अध्यक्षाची ताकद कळत नाही.

समित्यांचा आठवडा

लिस्ट गेली की नावं साधारण आठवडाभर मजलिसच्या समित्यांकडे जातात. जिल्ह्याचा रस्ता, धरणाचं पाणी, कारखान्यातल्या नोकऱ्या, प्रांतातल्या नेमणुका, हे सगळे हिशेब इथं निघतात. बाहेरच्याला यातलं थोडंच दिसतं, म्हणून दोनच गोष्टी टिपा: कुणाच्या डिग्रीवर किंवा घरातल्या परदेशी नागरिकत्वावर कागद फिरायला लागले, आणि कुणाचं नाव मागं घेतल्याची बातमी आली. महसूलींसारखी माघार ही नापासातच धरायची, आकडेवारीत ती दिसत नाही.

मतदानाचा दिवस आणि हजर किती

मतदान गुप्त असतं. कुणी कुठं मत टाकलं हे कळत नाही, त्यामुळे भाषणात कौतुक करून मत विरोधात टाकायला पूर्ण मोकळीक. लागतं ते हजर असलेल्यांचं बहुमत, हो आणि नाही यांच्यातलं जास्त कोण हे इथं चालत नाही. तटस्थ राहिलेला आणि कोरी चिठ्ठी टाकलेला, दोघंही परिणामात विरोधातच जातात. म्हणून वहीत रकाने या क्रमानं काढा: हजर, निम्म्यावर एक, हो, नाही, तटस्थ. नजफींची ओळ या रकान्यांत लिहून बघा, २८४, १४३, १४२, १३३, ९, आणि मग कळेल की त्यांना पाडलं ते त्या नऊ जणांनी. हो किंवा नाही म्हणायची ज्यांची हिंमत किंवा इच्छा नव्हती ते हे नऊ. बातमीत "हजर" हा आकडा नसेल तर ती बातमी अर्धी आहे, दुसरीकडे शोधा.

सगळे पास झाले असतील तर सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा काढा. २०२४ मधे संरक्षणमंत्री नासिरझादे यांना २८१, परराष्ट्रमंत्री अराघची २४७, रस्ते आणि शहरविकासाच्या फरझाने सादेक यांना २३१, आणि सगळ्यात खाली आरोग्यमंत्री झफरघंदी १६३. वरखाली ११८ मतांचा फरक. ही मजलिस नुसता शिक्का असती तर एवढा फरक पडला नसता. सादेक क्रांतीनंतरच्या दुसऱ्याच महिला मंत्री. पहिल्या मार्झिये वहीद-दस्तजेर्दी, २००९ मधे आरोग्यमंत्री झालेल्या, त्या वेळी अहमदीनेजाद यांनी तीन महिलांची नावं दिली होती आणि बाकी दोघींना मजलिसनं पाडलं, हेही लिहून ठेवण्यासारखं.

नापास झाल्यावर वही बंद करू नका

बातमी इथं संपते आणि खरी कुस्ती इथून सुरू होते. माझ्या वहीत विज्ञान खात्याचं एक अख्खं पान आहे, ते जसंच्या तसं सांगतो. ऑगस्ट २०१३, मिली-मोनफरेद पडले. मग सरपरस्त. ऑक्टोबर २०१३, रेझा फराजी-दाना पास. २० ऑगस्ट २०१४, मजलिसनं फराजी-दानांना महाभियोगानं काढलं, आक्षेप हा की २००९ च्या निवडणूक निकालाविरुद्धच्या आंदोलनाशी संबंध असलेल्यांना विद्यापीठांत परत घेतलं. पुन्हा सरपरस्त. ऑक्टोबर २०१४ अखेर निली-अहमदाबादी पडले. १८ नोव्हेंबर, दानेश-आश्तियानी पडले. २६ नोव्हेंबर, मोहम्मद फरहादी पास, १९७ मतं. सव्वा वर्षात एका खात्याला पाच नावं, तीन नापास, एक काढलेला, एक टिकलेला. तेवढा काळ विद्यापीठांचे कुलगुरू, प्राध्यापकांच्या नेमणुका, काढून टाकलेल्या मुलांचे प्रवेश, सगळं लटकलेलं. आकड्यांच्या मागं हे असतं म्हणून मी ही पानं टाकून देत नाही.

क्रीडा खात्यातही २०१३ मधे तीन नावं ओळीनं पडली, सोल्तानीफर, सालेही-अमिरी आणि सज्जादी, आणि चौथे गुदर्झी पास झाले.

आता नोव्हेंबर २०१६ चं पान उघडा. रूहानींनी तीन नवे मंत्री आणले: क्रीडा सोल्तानीफर, संस्कृती सालेही-अमिरी, शिक्षण दानेश-आश्तियानी. तिघंही आधी पडलेले! तिघंही पास झाले. माणसं तीच, अध्यक्ष तेच, मधे फक्त २०१६ च्या निवडणुकीत मजलिस बदलली होती. सालेही-अमिरी तर २०२४ मधे पेझेश्कियान यांच्याही मंत्रिमंडळात आले. म्हणून पडलेल्याचं नाव खोडू नका, शेजारी तारीख आणि त्या वेळची मजलिस लिहा. नालायक म्हणून पाडलं की वेळ वाईट होती म्हणून, ते दुसऱ्यांदा नाव आल्यावर कळतं.

पास झाले तरी टांगती तलवार

एस्तिझाहचा रकाना शेवटी ठेवा पण ठेवाच. २ मार्च २०२५ ला अर्थमंत्री हेम्मती यांना काढलं, २७३ पैकी १८२ मतांनी, पास होऊन सहा-सात महिनेच झाले होते. डॉलर खुल्या बाजारात नऊ लाख रियालच्या वर गेला होता. पेझेश्कियान स्वतः सभागृहात त्यांची बाजू मांडायला गेले होते. त्याच दोन दिवसांत झरीफही सरकारमधून बाहेर पडले. २०२४ च्या तडजोडीची मुदत किती होती ते असं दिसलं. जूनमधे मदनीजादे यांना मजलिसनं नवे अर्थमंत्री म्हणून पास केलं तेव्हा इस्रायलशी युद्ध सुरू होतं.

आणि एक शेवटचं पान, कारण इथं सगळे धागे एकत्र येतात. ऑगस्ट २००८ मधे अहमदीनेजाद यांनी अली कोर्दान यांना गृहमंत्री केलं, मजलिसनं पास केलं. कोर्दान सांगत होते की ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट आहे. प्रमाणपत्र बाहेर आलं तर त्यात इंग्रजी स्पेलिंगच्या चुका, आणि ऑक्सफर्डनं सांगितलं आम्ही असं काही दिलेलं नाही. ४ नोव्हेंबर २००८ ला त्यांना काढलं. रिकाम्या जागेवर अध्यक्षांनी नाव दिलं सादेक महसूली, तेच, २००५ मधे संपत्तीच्या प्रश्नांवरून तेलखात्यातून माघार घेतलेले. या वेळी तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले आणि महसूली अगदी काठावर पास झाले. इराणमधे निवडणुकांचा कारभार गृहमंत्रालय बघतं. जून २००९ ची अध्यक्षीय निवडणूक महसूलींच्या खात्यानं घेतली, निकालावरून लाखो लोक रस्त्यावर उतरले, माणसं मारली गेली, आणि चार वर्षांनी मजलिसमधे नजफींना खोदूनखोदून विचारलं गेलं की तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूला होता.